पावसाळ्यातले जुलाब, प्रोबायोटिकच्या कुप्या आणि सासूबाईंचं ताक

वडोदऱ्यातल्या मांजलपूरहून एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. पाऊस सुरू झाल्यापासून त्याला दोनदा जुलाब झाले. पहिल्यांदा डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि सोबत प्लास्टिकच्या छोट्या कुप्या. दुसऱ्यांदा नुसत्याच कुप्या. आता शेजारीण म्हणते, दुकानात मिळते ती प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपकारक जिवंत जंतूंची, इवलीशी बाटली रोज पाजा, पोट बिघडायचंच नाही. सासूबाई म्हणतात, घरात ताक असताना बाटल्या कशाला विकत आणायच्या? रोज दिल्यानं जुलाबांपासून खरंच संरक्षण मिळतं का, आणि मिळत असेल तर कुपी, बाटली आणि ताक यांतलं काय द्यायचं, असं ताईंनी विचारलं आहे.

ताई, दांडिया बाजारात लहान मुलांचा दवाखाना चालवून मला तीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीला कुणी प्रोबायोटिकचं नाव काढत नसे. आता आई दारातून आत येता येताच सांगते, "डॉक्टर, त्या कुप्या दोन दिवसांपासून देतेच आहे." म्हणून उत्तर आधी देतो, कारणं मागून सांगतो. रोजच्या बाटलीनं जुलाब थोडे कमी होऊ शकतात, बंद होत नाहीत. जुलाब सुरू झाल्यावर दिलेल्या कुपीचा उपयोग आम्हाला पूर्वी वाटायचा त्यापेक्षा बराच कमी आहे. अँटिबायोटिक चालू असताना मात्र योग्य प्रोबायोटिक देण्यात अर्थ आहे. ताक द्या, पण अन्न म्हणून. आणि तुमच्या प्रश्नात ज्याचं नावच नाही ते झिंक मुलाला दिलं होतं का, हे मलाच तुम्हाला विचारायचं आहे. त्यावर पुढे येतो.

जुन्या लग्नांतली पंगत आठवा. पाटाला पाट लागलेला, प्रत्येक पानापुढे माणूस बसलेला. अशा पंगतीत बिनबोलावता कुणी शिरला तर त्याला बसायला पाट नाही, पुढ्यात पान नाही आणि वाढपी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. थोडा वेळ घुटमळतो आणि जातो. निरोगी मोठ्या आतड्यात हेच चालतं. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जीवाणू असतात, म्हणजे जवळजवळ आपल्या स्वतःच्या पेशींइतके, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. पाणीपुरीच्या पाण्यातून आलेल्या चारदोन साल्मोनेला जंतूंना तिथे जागाही मिळत नाही आणि खायलाही मिळत नाही.

शिवाय हे पंगतवाले नुसते जेवून ढेकर देत नाहीत. आपल्याला न पचलेला कोंडा, सालं, डाळींचा चोथा ते आंबवतात आणि त्यातून ॲसेटिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार करतात. त्या आम्लांनी आतड्यातलं वातावरण रोगजंतूंना नकोसं होतं आणि आतड्याच्या अस्तराला पोषण मिळतं. काही जीवाणू शेजाऱ्याला मारणारी द्रव्यं सोडतात. काहींमुळे अस्तरावरचा बुळबुळीत थर जाड राहतो आणि प्रतिकारशक्तीला आपलं कोण, परकं कोण याची सवय लागते. जपानी शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये उंदरांवर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. बिफिडोबॅक्टेरिया या आतड्यातल्या जीवाणूंचे वेगवेगळे वाण दिलेल्या उंदरांना त्यांनी ई. कोलाय ओ-१५७ हा घातक जंतू पाजला. काही वाणांनी उंदीर वाचवले, काहींनी नाही. फरक निघाला तो ॲसेटिक आम्लात: वाचवणारे वाण ते जास्त बनवत होते, कारण साखर आत ओढून घेण्याची जनुकं त्यांच्याकडे होती.

हा वाणाचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ इथेच आहे. आपण बाजारात नुसता "तांदूळ" मागत नाही. कोलम की आंबेमोहोर, ते सांगतो. प्रोबायोटिकच्या बाबतीत मात्र "लॅक्टोबॅसिलस आहे ना? मग झालं," असं चालतं. एका वाणानं केलेलं काम दुसरा करीलच असं नाही, मग आडनाव एक का असेना.

आता पंगत उठते कधी? अँटिबायोटिक घेतल्यावर. १९५४ मध्ये अमेरिकेत झालेला प्रयोग मी अजून विद्यार्थ्यांना सांगतो. निम्म्या उंदरांना साल्मोनेलाची लागण व्हायला एरवी लाखभर जंतू पाजावे लागत. त्याच उंदरांना स्ट्रेप्टोमायसिनचा एक मोठा डोस आधी दिला, तर दहापेक्षा कमी जंतू पुरत. लाखाचे दहा! म्हणून ताई, तुमच्या मुलाला पहिल्या जुलाबांत अँटिबायोटिक का दिलं गेलं, हा मला कुप्यांपेक्षा मोठा प्रश्न वाटतो. मी त्याला तपासलेलं नाही, तेव्हा त्या डॉक्टरांना नावं ठेवत नाही. शौचातून रक्त पडत असेल, कॉलऱ्याची शंका असेल, तर अँटिबायोटिक लागतंच. पण या वयातले पाण्यासारखे जुलाब बहुतांशी विषाणूंचे असतात आणि विषाणूला अँटिबायोटिक कळतसुद्धा नाही. ते झोडपतं पंगतीला. मग महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पोट बिघडलं, तर मला आश्चर्य वाटत नाही.

प्रोबायोटिकची कल्पना याच निरीक्षणातून आली. पहिल्या महायुद्धात जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक वाण वेगळा केला. सोबतचे सैनिक जुलाबांनी हैराण झाले होते, याला काही झालं नव्हतं. तो वाण "निस्ले १९१७" या नावानं आजही वापरात आहे, आणि आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागातही त्याच्यावर काम झालं आहे, हे इथल्या फार थोड्यांना माहीत असतं. हेन्री बुलार यांना इंडोचायनात कॉलऱ्याच्या साथीत लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पिताना दिसले. त्यांनी त्या सालींतून एक यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वेगळं केलं. सॅकरोमायसिस बुलार्डी ते हेच. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये आपला लॅक्टोबॅसिलस निवडला आणि १९३५ मध्ये त्याची बाटली बाजारात आली. शेजारीणबाई सांगतात ती बाटली त्याच घराण्यातली.

तिच्याबद्दल आपल्याच देशातला पुरावा आहे, आणि तो मला आवडतो, कारण तो आपल्यासारख्या पाण्यावर वाढणाऱ्या मुलांवरचा आहे. कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा आणि आंत्ररोग संस्थेनं वस्तीत राहणाऱ्या १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांना बारा आठवडे रोज एक पेय दिलं. निम्म्यांच्या पेयात शिरोताचा वाण होता, निम्म्यांच्या नव्हता. २०११ मध्ये निकाल आला. साध्या पेयवाल्यांत ६७४ मुलांना जुलाब झाले, प्रोबायोटिकवाल्यांत ६०८. संरक्षण १४ टक्के. जाहिरातीत हा आकडा मोठा दिसतो, म्हणून दुसऱ्या बाजूनं मांडतो: शंभर मुलांना तीन महिने रोज बाटली पाजली, तर तीन-चार मुलांचे जुलाब टळले, तीसेक मुलांना बाटली पिऊनही झालेच. फायदा खरा आहे, पण लहान आहे. परवडत असेल आणि मुलगा आवडीनं पीत असेल तर पावसाळ्याचे तीन महिने द्या, मी नको म्हणणार नाही. पेय गोड असतं, त्यामुळे दात घासणं आलंच. महिन्याचं बजेट ओढून देऊ मात्र नका. बाटली बंद केली की तो वाण काही दिवसांत आतड्यातून निघून जातो. पंगतीला आलेला पाहुणा आहे तो, घरचा नव्हे.

जुलाब सुरू झाल्यावर द्यायच्या कुप्या-पुड्यांची गोष्ट जरा वेगळी. २०१० मध्ये ६३ अभ्यास एकत्र करून असा निष्कर्ष निघाला की प्रोबायोटिकनं जुलाबाचा काळ सुमारे एक दिवसानं घटतो. आम्ही सगळे खूष झालो, मीही भराभर लिहून देऊ लागलो. मग २०१८ मध्ये अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ मुलांवर दोन काटेकोर चाचण्या झाल्या. एकीत लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी, म्हणजे या क्षेत्रातला सर्वात मानाचा वाण. दुसरीत दोन वाणांचं मिश्रण. दोन्हीकडे प्रोबायोटिक आणि तशीच दिसणारी बिनऔषधी पूड यांत काही फरक दिसला नाही. २०२० मध्ये ८२ अभ्यासांचा नव्यानं हिशेब केला, तेव्हा चांगल्या प्रतीच्या अभ्यासांत पूर्वीचा फायदा जवळजवळ विरघळून गेला होता. त्याच सुमारास अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संस्थेनं मुलांच्या जुलाबांत हे देऊ नका म्हटलं, युरोपातल्यांनी ठरावीक तीन-चार वाण हवे तर द्या म्हटलं. दोन मोठ्या संस्था एकाच ढिगाऱ्यातून दोन निष्कर्ष काढतात, तेव्हा फायदा असलाच तर फार थोडा आहे, असं मी समजतो. मी आता सरसकट लिहीत नाही. एखाद्या घरी "काहीच दिलं नाही" म्हणून आजी रात्रभर झोपणार नसेल, तर लिहितो. त्यात मुलापेक्षा आजीचा इलाज असतो, हे कबूल.

तुम्हाला मिळालेल्या कुप्यांत बहुधा बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू असतील, पाच मिलीमध्ये २०० कोटी. बीजाणू म्हणजे जीवाणूचं टणक कवचातलं झोपी गेलेलं रूप, आणि ते दणकट असतं. जठराचं आम्ल, उष्णता, बरीचशी अँटिबायोटिकं यांना ते पुरून उरतं, म्हणूनच आपल्याकडे अँटिबायोटिकबरोबर ते लिहिण्याची पद्धत पडली. एका आजोबांनी कुपी उकळत्या दुधात ओतून नातवाला पाजली होती आणि घाबरून फोन केला. मी म्हटलं, आजोबा, बीजाणूंना काही झालं नसेल, तुमच्या नातवाची जीभ भाजली नाही ना ते बघा. पण चिवट असणं वेगळं आणि उपयोगी असणं वेगळं. जुलाब बरे करण्याबाबत या कुप्यांचा पुरावा पातळ आहे.

अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांत चित्र पालटतं. मुलांवरच्या ३३ अभ्यासांचा २०१९ मधला आढावा सांगतो की नुसतं अँटिबायोटिक घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना जुलाब झाले, सोबत प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांना. नऊ मुलांना दिलं तर एकाचे जुलाब टळतात. मुलांच्या आजारांत इतका चांगला हिशेब रोज हाती लागत नाही. यात पुढे आहेत ते रॅम्नोसस जीजी आणि बुलार्डी, मात्रा दिवसाला निदान ५०० कोटी. म्हणजे उद्या मुलाच्या कानात पू झाला आणि अँटिबायोटिक घ्यावंच लागलं, तर पहिल्या दिवसापासून सोबत द्यायला डॉक्टरांकडे मागा. प्रोबायोटिक जीवाणूंचं असेल तर अँटिबायोटिकच्या वेळेपासून दोन तासांचं अंतर ठेवा. बुलार्डी यीस्ट आहे, त्याला अँटिबायोटिकची भीती नाही. बुरशीचं औषध चालू असेल तर मात्र ते मरतं.

हाच न्याय आजी-आजोबांना लावू नका. ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरच्या, अँटिबायोटिक घेणाऱ्या सुमारे तीन हजार रुग्णांवर झालेल्या २०१३ च्या चाचणीत प्रोबायोटिक घेणारे १०.८ टक्के आणि न घेणारे १०.४ टक्के, इतक्यांना जुलाब झाले. फरक शून्य. आणि इस्रायलमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात उलटच दिसलं: अँटिबायोटिकनंतर बऱ्याच वाणांचं मिश्रण घेणाऱ्यांची स्वतःची पंगत पुन्हा बसायला उशीर झाला, कारण पाहुण्यांनीच पाट अडवले. अभ्यास थोड्या लोकांवरचा होता. पण कोर्स संपल्यावर महिनोन् महिने मिश्रणाच्या गोळ्या घेत राहणाऱ्यांना मी तो आवर्जून सांगतो.

ओडिशाचा अभ्यास सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. १४९ गावांतली ४,५५६ नवजात बाळं, आईचं दूध पिणारी, पुऱ्या किंवा जवळजवळ पुऱ्या दिवसांची. त्यांना पहिल्या आठवड्यात सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक वाण आणि त्याच्यासाठी खाऊ म्हणून एक साखर दिली. पहिल्या दोन महिन्यांत जंतुदोष किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. २०१७ मध्ये हा निकाल छापून आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. इतक्या स्वस्तात इतका परिणाम! पंगत बसायच्या आधी योग्य माणसाला पहिला पाट दिला तर तो टिकतो, असा मी त्याचा अर्थ लावतो. पण तुमच्या मुलाची पंगत साडेतीन वर्षांपूर्वीच बसली. दुकानातल्या बाटलीला हा निकाल चिकटवता येत नाही. कमी दिवसांच्या, अगदी लहानग्या बाळांना तर स्वतःच्या मनानं काहीही देऊ नका. जिवंत जंतू रक्तात उतरल्याच्या घटना आहेत, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये एका बाळाच्या मृत्यूनंतर तसा इशारा दिला आहे. केमोथेरपी चालू असलेले, मोठ्या शिरेत नळी असलेले रुग्ण यांनाही तेच लागू.

डब्यावर काय बघायचं, ते थोडक्यात. पूर्ण नाव, वाणाच्या अक्षर-आकड्यांसह. एका मात्रेत किती कोटी, आणि तो आकडा मुदत संपेपर्यंतचा की कारखान्यातून निघतानाचा. फ्रीजमध्ये ठेवायचं की बाहेर. "प्रोबायोटिक" एवढाच शब्द मोठ्या अक्षरांत असेल आणि वाणाचा पत्ता नसेल, तर ठेवा परत. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलसची खूप नावं बदलली, रॅम्नोसस आता लॅक्टिकेसीबॅसिलस झाला. नवं नाव दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका.

आता झिंक. तुम्ही संरक्षण विचारलंत, म्हणून हे खास. जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम झिंक चौदा दिवस दिलं, तर आताचे जुलाब लवकर आवरतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा होण्याची शक्यताही घटते. किंमत किरकोळ, सरकारी दवाखान्यात फुकट. तरी दहांतल्या सात-आठ आया मला सांगतात, "जुलाब थांबले, मग तिसऱ्या दिवशी बंद केलं." पूर्ण चौदा दिवस, ताई. आणि ओआरएस: एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच, अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात नाही. रंगीत खोक्यांतलं गोड फळपेय म्हणजे ओआरएस नव्हे. त्यातल्या साखरेनं जुलाब वाढतात. मूल सुस्त झालं, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, उलटीमुळे घोटभरही टिकत नाही, शौचात रक्त आहे, यांतलं एकही दिसलं तर कुपी-बाटलीचा विचार न करता दवाखाना गाठा.

रोटाव्हायरसची लस झाली होती का, कार्ड काढून बघा. सरकारी लसीकरणात ती २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं आली. तुमच्या मुलाच्या वेळी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला थेंब पाजले असणार. आता त्या लसीचं वय गेलं, पण धाकटं भावंड आलं तर चुकवू नका. टायफॉइडची लस झाली नसेल तर अजून घेता येईल.

राहिलं पाणी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या बाकावर बसायला जागा नव्हती. लोक मगरींच्या गोष्टी सांगत होते आणि मी विचारत होतो, टाकी धुतली का? जमिनीखालची टाकी पुरात बुडाली असेल आणि तशीच वापरात असेल, तर कोलकात्याच्या त्या बाटलीतले सगळे जीवाणू एकत्र येऊनही काही करू शकणार नाहीत. सयाजीराव महाराजांनी आजव्याचं तळं बांधून या शहराला नळाचं पाणी दिलं, त्यानं किती मुलं वाचली असतील याचा हिशेब कुणी मांडला नाही. पण नळापासून मुलाच्या पेल्यापर्यंतचा शेवटचा टप्पा आपला. मांजलपूरच्या सोसायट्यांत वर्षानुवर्षं न धुतलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत.

आणि सासूबाईंचं ताक. घरच्या विरजणातले जीवाणू दूध छान आंबवतात, पण बहुतेक आतड्यापर्यंत तग धरत नाहीत आणि तिथे वस्तीही करत नाहीत. शिवाय प्रत्येक घरचं विरजण वेगळं, तेव्हा कोणत्या वाणाचे किती कोटी, हे देवालाच ठाऊक. तरी त्यात गुण आहे. जुलाबांनंतर काही दिवस दुधातली साखर मुलाला पचत नाही. दही-ताकात ती आधीच थोडी कमी झालेली असते आणि उरलेली पचवायला विरजणातले जीवाणूच मदत करतात. म्हणून दूध पोटात गुरगुरलं तर ताकभात, मऊ खिचडी आणि दही खुशाल द्या, उपाशी ठेवू नका. ताकाची कढी केली की जीवाणू मेले, चव उरली, तीही चालेल. सासूबाईंना फक्त एवढं विचारा की ताक घुसळताना पाणी कुठलं घालतात. माठात वरून पेला बुडवून काढलेलं असेल, तर दह्यात नसलेला जंतू ताकात तिथेच येतो. पाणी उकळून गार केलेलं घाला, आणि लारीवरची बर्फ घातलेली छाश दिवाळीपर्यंत बंद.